सहन करणे आणि सांगणे : स्तनाच्या कर्करोगावरील केमोथेरपी आणि जैन कुटुंब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा, धर्मशाळा, भोजनशाळा यांच्या आठवणींनी भरलेल्या सुवर्णमहोत्सवात एखाद्या रोगाच्या उपचारांवर व्याख्यान ठेवावे, हे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु नात्यात, शेजारात किंवा मैत्रिणींमध्ये स्तनाच्या कर्करोगाची एकही रुग्ण नाही, असे सांगणारे कुटुंब आज विरळाच. २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत त्याचाच क्रमांक पहिला आहे. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांच्या तुलनेत येथील स्त्रियांना तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो. मुले शाळा-महाविद्यालयात आहेत, सासू-सासरे वृद्ध झाले आहेत, घराचा सारा भार जिच्या खांद्यावर आहे, नेमकी तीच स्त्री आजारी पडते.

रोगाचे निदान आणि शस्त्रक्रिया यांविषयी आता बरेच बोलले जाते. त्यानंतरच्या, किंवा काही वेळा त्याआधीच्या, चार-सहा महिन्यांच्या केमोथेरपीविषयी मात्र घरात कुजबुजच अधिक चालते. या व्याख्यानाचा विषय तोच आहे. केमोथेरपीचे दुष्परिणाम कोणते, त्यांना तोंड कसे द्यावे आणि व्रत-नियम पाळणाऱ्या कुटुंबाने या काळात कसे वागावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जैन घरातील मुलीवर सहनशीलतेचे संस्कार लहानपणापासून होतात. आठ दिवसांची अठाई करणारी आई ती पाहते, बावीस परीषहांच्या कथा पाठशाळेत ऐकते. हे संस्कार तिला आजारपणात मोठा आधार देतात, यात शंका नाही. परंतु याच गुणातून एक धोकाही संभवतो. सहन करता करता ती लपवू लागते. ताप आला तरी ‘सकाळी पाहू’ म्हणते. उलट्या होत असल्या तरी ‘औषधच तसे आहे’ म्हणून गप्प बसते. रोगपरीषह समतेने सहन करावा, ही शास्त्राची शिकवण आहे. तो वैद्यापासून लपवावा, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. सहन करणे आणि लपविणे यांतील हा भेद घरातील प्रत्येकाच्या मनात ठसला, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.

औषध शरीरात काय करते?

कर्करोगाच्या पेशी झपाट्याने विभाजित होतात. केमोथेरपीची औषधे अशा वेगाने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. परंतु शरीरातील काही निरोगी पेशीही स्वभावतःच वेगाने वाढत असतात. केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांचा त्यांत समावेश होतो. त्यामुळे केस गळणे, तोंड येणे, जुलाब होणे आणि रक्तातील पेशी कमी होणे हे परिणाम एकाच कारणातून उद्भवतात. निरोगी पेशी पुन्हा भरून येतात. त्यासाठी अवधी मिळावा म्हणून दोन मात्रांमध्ये बहुधा चौदा किंवा एकवीस दिवसांचे अंतर ठेवले जाते.

दुष्परिणाम तीव्र झाले म्हणजे औषध अधिक लागू पडले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. दुष्परिणाम अजिबात झाले नाहीत म्हणजे औषध वाया गेले, हेही खरे नाही. त्रास सोसण्यावर औषधाचा गुण अवलंबून नसतो, म्हणून त्रास कमी करून घेण्यात कोणताही कमकुवतपणा नाही. उलट, त्रास आवाक्यात राहिला तर ठरलेल्या मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण होतात. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या केमोथेरपीने रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते, हे मिलान येथील डॉ. जियानी बोनाडोना यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने प्रथम ठळकपणे दाखवून दिले. तो लाभ पदरी पडायचा, तर उपचार अर्धवट सुटता कामा नयेत.

येथेच आणखी एका प्रश्नाचा उलगडा करावयास हवा. ‘एवढा त्रास सोसण्यापेक्षा शांतपणे सल्लेखना घ्यावी’, असे उद्गार कधीकधी ऐकू येतात. आचार्य समन्तभद्रांनी रत्नकरण्डक श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगताना, ज्यावर काही प्रतिकार उरलेला नाही अशाच आपत्तीचा आणि रोगाचा उल्लेख केला आहे. स्तनाचा कर्करोग वेळीच सापडला तर त्यावर प्रतिकार आहे आणि असंख्य स्त्रिया तो करून आपल्या संसारात परतल्या आहेत. ज्या रोगाला औषध आहे, त्याच्या औषधाचा त्रास हे सल्लेखनेचे कारण होऊ शकत नाही.

पहिले पाच दिवस

स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे एकत्र दिली जातात. डॉक्सोरुबिसिनचा रंग लाल असतो. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवीला तांबूस रंग येतो. हे रक्त नसून औषधाचाच रंग असतो. ही साधी गोष्ट आधी माहीत नसल्याने कित्येक घरांत पहिली रात्र भीतीत जाते. सलाईन चालू असताना सुई टोचलेल्या जागी आग होऊ लागली किंवा सूज आली, तर मात्र त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर भोवतालच्या मांसाला इजा होते. अशा वेळी सोशिकपणा कामाचा नाही.

या दोन औषधांच्या जोडीने उलटीची शक्यता अधिक असते. पहिल्या चोवीस तासांतील उलटी आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतची मळमळ, असे तिचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा रुग्णालयात दिलेल्या इंजेक्शनने आटोक्यात राहतो. दुसरा टप्पा घरी येतो आणि तेथेच हयगय होते. ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या थांबविल्या जातात आणि तिसऱ्या दिवशी मळमळ उसळते. लिहून दिलेल्या गोळ्या उलटी होण्याची वाट न पाहता, सांगितलेले सर्व दिवस घ्याव्यात.

या गोळ्यांपैकी एक म्हणजे ओलान्झापिन. मूळचे हे मानसिक विकारांवरील औषध असल्याने वेष्टनावरील मजकूर वाचून घरचे लोक दचकतात आणि गोळी बाजूला ठेवतात. अल्प मात्रेत ते मळमळीवर फार गुणकारी आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० मिलिग्रॅमऐवजी केवळ २.५ मिलिग्रॅम मात्रा दिली तरी उलटीवर तेवढेच नियंत्रण राहते आणि दिवसाची गुंगी कमी होते, असे दिसून आले. गुंगी फार येत असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता, मात्रा कमी करता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे.

जिलेटिनच्या कॅप्सूलचा प्रश्न जैन रुग्णांकडून नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे, कारण हे आवरण बहुधा प्राणिज असते. मळमळीवरील अप्रेपिटंट हे औषध सामान्यतः अशा कॅप्सूलमधून येते. त्याच जातीचे औषध इंजेक्शनच्या रूपातही मिळते. उपचार सुरू होण्यापूर्वीच हा नियम डॉक्टरांना सांगितला, तर पर्याय शोधता येतो. न सांगता कॅप्सूल टाळली, तर डॉक्टरांना औषध कमी पडले असे वाटते आणि पुढचे सारे गणित चुकते.

मळमळीत ताटभर जेवण समोर ठेवू नये. थोडे थोडे, कोमट किंवा गार झालेले, कमी वासाचे अन्न द्यावे. लाह्या, खाकरा, भाताची पेज, मुगाचे कढण हे पदार्थ बहुधा पोटात टिकतात. आले वर्ज्य असलेल्या घरातही सुंठ चालते. चिमूटभर सुंठेने काहींना आराम पडतो. फोडणी देताना रुग्णाला दूरच्या खोलीत बसवावे, एवढ्या साध्या काळजीनेही फरक पडतो. उलटीवरील काही औषधांनी बद्धकोष्ठ होते, म्हणून भरपूर पाणी आणि गरज भासल्यास डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावा.

ताप : थांबायचे नाही अशी एकच गोष्ट

मात्रा दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. जंतूंशी लढणारे शिपाईच या दिवसांत अपुरे असतात. यावेळी आलेला ताप साधा ताप समजू नये. तापमापकावर १०० पूर्णांक ४ दशांश अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक आकडा दिसला, तर दिवस असो वा रात्र, डॉक्टरांना दूरध्वनी करून ताबडतोब रुग्णालय गाठावे. तेथे गेल्यावर पहिला शब्द ‘केमोथेरपी चालू आहे’ हाच उच्चारावा, म्हणजे रक्ततपासणी आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन तासाभरात सुरू होऊ शकते. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. त्याने आकडा उतरतो, पण जंतुसंसर्ग आत वाढतच राहतो. अंगात हुडहुडी भरली आणि ताप दिसत नसला, तरीही कळवावे.

घरात चालू स्थितीतील तापमापक असणे, रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असणे आणि उपचारांची फाईल एका ठरलेल्या जागी असणे, ही या दिवसांतली तयारी होय. रात्री गाडी कोण चालविणार, हेही आधीच ठरवून ठेवावे. पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनाने कंबर व हाडे दुखतात. ती वेदना काही दिवसांत शमते, मात्र तीही डॉक्टरांना सांगावी.

याच दिवसांत पर्युषण किंवा दशलक्षण पर्व आले, तर प्रवचन-मंडपातील गर्दी, सामुदायिक प्रतिक्रमण आणि मिरवणूक यांपासून रुग्णाने दूर राहावे. घरी बसून केलेले सामायिक उणे ठरत नाही. भेटीस येणाऱ्यांनी सर्दी-खोकला असेल तर येऊ नये, आणि आल्यावर आधी हात धुवावेत.

आहार आणि व्रत

केमोथेरपीच्या काळात स्वच्छतेचे जे नियम डॉक्टर सांगतात, त्यांतील बरेचसे जैन स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात आहेत. गाळून उकळलेले पाणी, त्या त्या दिवशी शिजविलेले अन्न, शिळ्याचा त्याग, बाहेरच्या खाण्याला नकार, या साऱ्यांचा उपयोग जंतुसंसर्ग टाळण्यासाठीच होतो. पुष्कळ जैन घरांत मोड आलेली कडधान्ये खात नाहीत. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चे मोड टाळावेत, असे डॉक्टरही सांगतात. कंदमुळे खाल्ली नाहीत म्हणून उपचारांत काही अडत नाही. याबाबतीत श्राविकेने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

अंडी न खाणाऱ्या रुग्णाला प्रथिने कोठून मिळणार, हा प्रश्न रुग्णालयात नेहमी निघतो. मूग, तूर, मसूर, चवळी, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे, दूध, दही, घरचे पनीर यांतून ती मिळतात. प्रत्येक खाण्यात यांपैकी काहीतरी असावे, एवढे पथ्य पुरेसे आहे. तोंड आले असेल तर मुगाची मऊ खिचडी, नाचणीची आंबील, कढी असे पदार्थ द्यावेत आणि मिरची टाळावी. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा खळखळून चूळ भरावी. दात घासण्यासाठी मऊ ब्रश वापरावा.

एका गोष्टीचा अतिरेक मात्र होतो. अशक्तपणा येईल या धास्तीने शिरा, लाडू, तुपाचे पदार्थ यांचा मारा सुरू होतो. स्तनाच्या कर्करोगात केमोथेरपी घेताना पुष्कळ स्त्रियांचे वजन वाढते. मळमळीसाठी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने रक्तातील साखरही चढते. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हे विशेष जपावे.

आता कठीण भाग. चौविहार, एकाशन, आयंबिल, उपवास हे नियम ज्यांनी वर्षानुवर्षे अखंड पाळले, त्या भगिनीला त्यांत खंड पडण्याचे दुःख केस जाण्याच्या दुःखाहून मोठे वाटू शकते. तिच्या या भावनेची थट्टा करू नये आणि ‘आता कसले नियम’ म्हणून ती उडवूनही लावू नये. परंतु उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झालेले असताना सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंब न घेणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. सायक्लोफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाचा दाह होऊ नये म्हणून तर भरपूर पाणी पिणे आवश्यकच असते.

यातून मार्ग काढण्याची दृष्टी धर्मानेच दिलेली आहे. तीर्थंकर नामकर्माच्या बंधास कारण होणाऱ्या सोळा भावनांमध्ये ‘शक्तितस्त्याग’ आणि ‘शक्तितस्तप’ यांची गणना होते; त्याग आणि तप हे शक्तीनुसार करावयाचे आहेत, हे त्या नावांतच आले. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात समाधी टिकविण्यासाठीचा आगार ठेवलेला आहे. तीव्र व्याधीत औषध घेण्याला त्यात वाव आहे. चौविहार आणि नियमभंग यांच्या मध्ये तिविहार आणि दुविहार या पायऱ्याही आहेत. तिविहारात पाणी घेता येते, दुविहारात पाण्यासोबत औषधही. उपचार सुरू होण्याआधीच साधू-साध्वीजी किंवा आर्यिका माताजींपुढे डॉक्टरांचा सल्ला ठेवून मर्यादा ठरवून घेतली, तर रात्री दोन वाजता औषध घेताना मनात अपराधाची बोच राहत नाही. डॉक्टरांनाही विचारता येते. काही गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. जी गोळी झोपतानाच घ्यावयाची, तेवढ्यापुरती सूट पुरते.

उपवासाने कर्करोगाच्या पेशी मरतात आणि केमोथेरपी बाधत नाही, असा मजकूर समाजात वेगाने फिरतो. या विषयावर जगात संशोधन चालू आहे, हे खरे. नेदरलँड्समधील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, स्तनाचा कर्करोग असलेल्या काही स्त्रियांना केमोथेरपीच्या दिवसांत उपवाससदृश आहार देण्यात आला. कर्करोगाच्या गाठीवर अनुकूल परिणामाची काही चिन्हे दिसली, परंतु दुष्परिणाम त्यामुळे कमी झाले नाहीत. शिवाय तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजलेल्या आहाराने झाला होता. त्यावरून कोणी घरच्या घरी अठाई धरू नये. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा हे आहे. त्याला केमोथेरपीचा पर्याय बनविणे हा तपाचाही गौरव नाही.

काढे, भस्मे आणि वनौषधींच्या गोळ्या यांविषयीही एवढेच सांगणे पुरेसे, की त्यांतील काही द्रव्ये यकृतावर ताण आणतात किंवा मूळ औषधाच्या क्रियेत बाधा आणतात. जे घ्यावयाचे ते डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

केस

पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत नवे केस येऊ लागतात. कधी ते कुरळे असतात, कधी रंग थोडा निराळा असतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा दुष्परिणाम निरुपद्रवी आहे. रुग्णाच्या दृष्टीने तसे नाही. महाराष्ट्रात स्त्रीच्या केस नसलेल्या मस्तकाशी केशवपनाच्या जुन्या, क्रूर रूढीची आठवण जोडलेली आहे. ती सावली अजून पुरती गेलेली नाही.

जैन समाज पंचमुष्टी लोचाचा महिमा जाणतो. लोच केलेल्या आर्यिका माताजी आणि साध्वीजींच्या चरणी तो आदराने मस्तक ठेवतो. मग त्याच समाजातील एखाद्या भगिनीला केस गेले म्हणून लग्नसमारंभात कोपऱ्यात बसावेसे का वाटावे? लोच हा स्वेच्छेने स्वीकारलेला त्याग आहे आणि हे केस तिच्या इच्छेविरुद्ध गेलेले आहेत. दोहोंची तुलना करून तिला उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. परंतु केसांवाचूनही स्त्री तितकीच पूज्य असू शकते, हे समजण्यासाठी ज्या समाजाला दुसरीकडे पाहण्याची गरज नाही, त्या समाजाने तरी तिच्याकडे टक लावून पाहू नये. टोप घालावा, ओढणी घ्यावी की काहीच घेऊ नये, हे तिचे तिने ठरवावे. लांब केस गळण्याआधीच आखूड कापून घेतले, तर गळतानाचा धक्का पुष्कळ सौम्य होतो, असा अनेकींचा अनुभव आहे.

न दिसणारे त्रास

पॅक्लिटॅक्सेल या औषधाने हातापायांच्या बोटांत मुंग्या येतात, बधिरता येते. ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत, पायातली चप्पल निसटते. हे वेळेवर सांगितले तर मात्रेत बदल करता येतो. न सांगितले तर बधिरता काही जणींत दीर्घकाळ राहते. मंदिरात अनवाणी जाणाऱ्या श्राविकेने येथे विशेष सावध असावे. उन्हाने तापलेल्या फरशीचा चटका बधिर तळव्याला कळत नाही आणि फोड आल्यावर उशिरा ध्यानात येते. दर्शनाला सकाळी लवकर जावे, स्वच्छ सुती मोजे घालावेत आणि रोज रात्री तळवे पाहावेत. स्वयंपाकघरातील गरम पातेल्यांबाबतही हीच काळजी घ्यावी.

थकवा हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत कमी समजला जाणारा परिणाम आहे. हा थकवा झोपेने जात नाही. बाहेरून काही दिसत नसल्याने त्याला आळस म्हटले जाते आणि तो शब्द जिव्हारी लागतो. रोज थोडे चालणे, हलका व्यायाम यांनी तो कमी होतो, हे आता सिद्ध झाले आहे. दिवसभर अंथरुणात ठेवणे हा त्यावरील इलाज नाही, आणि दिवसभर ओट्यापाशी उभे करणे हाही नाही. काहींना विसर पडतो. तोंडपाठ असलेल्या भक्तामर स्तोत्राचा पुढचा श्लोक आठवत नाही. तिने घाबरू नये, पुस्तक समोर ठेवावे. बहुतेकींमध्ये ही स्मृती हळूहळू सुधारते.

तरुण स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, अंगातून वाफा येतात. ज्यांना पुढे अपत्य हवे आहे, त्यांनी पहिल्या मात्रेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण प्रजननक्षमता जपण्याचे उपाय त्याच वेळी करता येतात. या प्रश्नाला घरात संकोचाने वाट मिळत नाही. तो पतीने स्वतः काढावा. दम लागणे, पाय सुजणे, छातीत धडधडणे ही लक्षणेही त्वरित सांगावीत. डॉक्सोरुबिसिनचा परिणाम हृदयावर होऊ शकतो आणि त्यासाठीच आधी हृदयाची सोनोग्राफी करतात.

घराचे तप

सहा अंतरंग तपांमध्ये वैयावृत्य हे एक आहे. व्याधिग्रस्त मुनींची सेवा हा त्याचा मूळ अर्थ. साधर्मिकाच्या सेवेपर्यंत तो भाव सहज पोहोचतो. घरातील रुग्णाने या काळात उपवास केला नाही, तरी घराचे तप थांबत नाही. ते तप आता घरच्यांकडे आलेले असते. पतीने गोळ्यांचे वेळापत्रक लिहून ठेवावे. मुलाने तापमान मोजावे, सासूबाईंनी ‘आज स्वयंपाक राहू दे’ हे तिने म्हणण्यापूर्वीच म्हणावे. हे वैयावृत्य अनुमोदनेस पात्र नाही, असे कोण म्हणेल?

भेटीस येणाऱ्यांनी जिभेचा संयम पाळावा. ‘पूर्वकर्माचे फळ’ हे शब्द रुग्णाच्या खोलीत अनेकदा उच्चारले जातात. असातावेदनीय कर्माच्या उदयाचे चिंतन हे ज्याने त्याने आपल्यापुरते करावयाचे असते. त्यातून समता लाभते. दुसऱ्याच्या अंथरुणाशी बसून ते ऐकविले, की त्याचा आरोप होतो. ‘अमुकीला असेच झाले होते आणि ती गेली’, ही कथाही दाराबाहेरच ठेवावी. ‘उद्या दुपारचा डबा आमच्याकडून येईल’ हे एक वाक्य त्याहून अधिक धीर देते.

समाजाच्या पातळीवरही करण्यासारखे थोडे नाही. रुग्णालयात सोबतीला जाणाऱ्या भगिनींची यादी, रात्री-अपरात्री मिळू शकणारे वाहन, केमोथेरपीच्या दिवशी रुग्ण व सोबत्यासाठी भोजनशाळेतून सूर्यास्तापूर्वी पोहोचणारा डबा, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे भरून देणारा एखादा जाणकार कार्यकर्ता, या गोष्टींना इमारत लागत नाही. उपचार पूर्ण केलेल्या दोन-तीन भगिनी नव्या रुग्णाशी बोलण्यास तयार झाल्या, तर त्यांच्याइतके मोठे साहाय्य दुसरे कोणतेही नाही. पन्नास वर्षे मंदिर आणि पाठशाळा सांभाळणाऱ्या ट्रस्टला हे अवघड जाऊ नये.

केमोथेरपीचे दिवस मोजके असतात. ते संपतात. त्या काळात रुग्णाने दोन नियम घ्यावेत : जे होईल ते सांगणे आणि जे पचेल ते खाणे. घराने एक नियम घ्यावा : ती सांगेल तेव्हा ऐकणे, आणि ऐकल्यावर उठणे. हे नियम निर्दोष पाळले गेले, तर पुढच्या वर्षीच्या पर्युषणात ती भगिनी आपल्या शक्तीने, आपल्या आनंदाने तपाचा नियम पुन्हा घेऊ शकेल. समाजातील प्रत्येक अशा भगिनीला तो दिवस लाभो, हीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!